बंद पडद्यापुढे

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकापुढे बसले की मी आधी मॉनिटरचं बटण चाचपून पडदा बंद करते. मला त्या उजेडाचा उपयोग नाही आणि मी काय वाचते आहे ते मागून जाणाऱ्याला दिसावं अशी इच्छाही नाही. मग कानाला हेडफोन, बोटं एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर, आणि वाचन सुरू. काळ्या पडद्यापुढे भराभर कळा दाबणारी बाई पाहून नव्या विद्यार्थ्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. कुणीतरी अदबीनं सांगतं, “मॅडम, स्क्रीन बंद आहे.” मी सांगते, संगणक चालू आहे, पडदा मीच घालवलाय. त्यावर बरेच जण खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि विचारतात, “मग तुम्ही वाचता कसं?”

हा प्रश्न मला आवडतो. मला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर, आणि तो पडद्याकडे बघत नाही. पडद्यावर जे दिसतं त्याच्यामागे संगणकानं प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवलेली असते: हे बटण, ही लिंक, हे शीर्षक, हा तक्ता, ही त्यातली तिसरी ओळ. शेत डोळ्यांना दिसतं, पण ते कुणाचं, किती, त्यात पीक कुठलं हे सातबाऱ्यावर असतं. स्क्रीन रीडर सातबारा वाचतो. संकेतस्थळ बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलं नसेल तर तो नुसतं “बटण” म्हणतो आणि पुढे जातो. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. डोळस माणसाला पान एकदम दिसतं, मला ते एका धाग्यासारखं हातातून जातं, म्हणून तो धागा वेगानं ओढावा लागतो. मी ज्या आवाजात वाचते तो ई-स्पीक नावाचा, बहुतांशी गणितातून तयार केलेला आवाज आहे. माणसाच्या ध्वनिमुद्रणातून घडवलेले गोड आवाज वेग वाढवला की एकमेकांत मिसळून जातात. हा कोरडा आवाज मिसळत नाही. शेजारच्याला ऐकवला तर त्याला नुसती किरकिर ऐकू येते. मला त्यात स्वल्पविराम ऐकू येतो.

पण हे सगळं सांगून झालं तरी खरं उत्तर राहून जातं. कसं वाचते हे तर सांगते, पण वाचायला लागले म्हणजे मला नेमकं काय मिळालं, ते सांगायचं राहतं.

शाळेत ब्रेल होतं. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलच्या सहा ठिपक्यांत मी मराठी शिकले, आणि शाळेची पुस्तकं बोटांनी वाचली. कॉलेजात गेल्यावर ब्रेल संपलं. इतिहासाच्या एका संदर्भग्रंथाचं ब्रेल केलं तर कपाटाचा एक कप्पा भरेल, आणि ते करणार कोण? तिथून पुढे मी माणसांच्या आवाजातून शिकले. मैत्रिणी, धाकटी बहीण, दुपारच्या वेळी येणाऱ्या निवृत्त शिक्षिका. माझी बी.ए.ची पदवी या आवाजांची आहे, हे मी कुठेही सांगते. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं म्हणजे काय ते ज्याला वाचावं लागलंय त्यालाच कळेल. एखादं वाक्य पुन्हा एकदा वाचा म्हणता येतं, आणखी एकदा म्हणता येतं, त्यानंतर जीभ अडते. वाचणाऱ्याची जांभई ऐकू येते. त्याला पटलेलं मत तो ठासून वाचतो, न पटलेलं भरभर. आणि तळटीपा! इतिहासाच्या विद्यार्थ्याचा जीव तळटीपांत असतो. कुठलं पत्र, कुठलं दफ्तर, कुठली तारीख ते तिथेच असतं. “तळटीप वाचू का गं?” या प्रश्नाच्या सुरातच उत्तर असायचं. मी “राहू द्या” म्हणायची.

स्क्रीन रीडरनं मला एकांत दिला. एक ओळ दहादा ऐकली तरी कुणी उसासा टाकत नाही. पुस्तक तिसऱ्या पानावर सोडून दिलं तर कारण द्यावं लागत नाही. जे वाचायला कुणाला सांगण्याचं धाडस झालं नसतं तेही मी वाचलं. शरीराविषयी, श्रद्धेविषयी, स्वतःच्या आजाराविषयी. आणि हा एकांत मला पहिल्यांदा मिळाला तो घरी नव्हे, ट्यूबलाइटांच्या गुणगुणीखाली ओळीनं मांडलेल्या संगणकांच्या लॅबमध्ये, दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असताना. तेव्हा माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. आजही जिल्ह्याच्या गावांतून येणाऱ्या अनेक अंध विद्यार्थ्यांकडे तो नसतो. म्हणून सामायिक संगणकावर स्क्रीन रीडर आहे की नाही हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही. माझ्या एकांताची किल्ली कुणाकडे आहे, असा तो प्रश्न आहे.

त्या लॅबमध्ये ‘जॉज’ नावाचं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर होतं. ते ज्यांनी घडवलं ते टेड हेंटर मोटरसायकलच्या शर्यतींत उतरणारे अमेरिकन गृहस्थ; १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ मध्ये डॉसवर चालणारं जॉज बाजारात आलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी अंध माणसांच्या नोकऱ्या या सॉफ्टवेअरवर उभ्या राहिल्या, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण ते विकत घ्यावं लागतं, आणि आमच्या कॉलेजनं ते घेतलेलं नव्हतं. विकत न घेतलेलं जॉज चाळीस मिनिटं चालतं, मग थांबतं. पुन्हा हवं असेल तर संगणक बंद करून सुरू करायचा. कंपनीनं ही सोय सॉफ्टवेअर पारखून बघण्यासाठी दिली आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही तिच्यावर पुढच्या पदव्या घेतल्या, यात दोष असेल तर खरेदीच्या फायलीवर सही न करणाऱ्यांचा. चाळीस मिनिटांच्या हिशेबानं वाचणाऱ्याचं मन कसं घडतं ते मला माहीत आहे. पस्तिसाव्या मिनिटाला नवा परिच्छेद सुरू करू नये असं वाटायला लागतं. विचार मध्येच तुटेल म्हणून विचारच सुरू करायचा नाही, ही सवय वाचनासाठी वाईट आहे आणि इतिहासाच्या वाचनासाठी फारच वाईट.

त्यात लॅबच्या संगणकांवर आणखी एक व्यवस्था असते. यंत्र बंद करून सुरू केलं की ते होतं तसं कोरं होतं. कुणी काही बदललं, कुठला व्हायरस आला, सगळं पुसलं जातं. लॅब सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. माझ्या दृष्टीनं दर चाळीस मिनिटांनी आवाजाचा वेग, मराठीची निवड, अर्धवट टिपण, सारं जायचं.

मग एनव्हीडीए हे दुसरं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर आलं. मायकल करन आणि जेम्स टेह हे दोघे ऑस्ट्रेलियन, दोघेही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. अंध माणसाला संगणक वापरायला डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का पडावेत, या विचारातून करन यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं. सॉफ्टवेअर फुकट आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. आज ते जगातल्या पन्नासहून अधिक भाषांत आहे. ते पेनड्राइव्हवर घालून नेता येतं, हे मला पहिल्यांदा एका वर्गमित्रानं सांगितलं. संगणकावर काहीही बसवायचं नाही. पेनड्राइव्ह लावला, फाइल चालवली की यंत्र बोलायला लागतं. माझा वेग, माझा मराठी आवाज, माझ्या खुणा सगळं त्या पेनड्राइव्हमध्ये राहतं. संगणक कोरा झाला तरी माझं काही पुसलं जात नाही. विंडोजमधल्या हेमंत आणि कल्पना या हिंदी आवाजांनी मराठी मजकूर हिंदीच्या वळणानं वाचला जातो. पेनड्राइव्हवरचा ई-स्पीक मराठी म्हणूनच वाचतो. लॅब संपली की इन्सर्ट आणि क्यू दाबून एनव्हीडीए बंद करायचं, मॉनिटर चालू करायचा, पेनड्राइव्ह काढायचा. पुढच्या मुलाला माझा काही त्रास नाही. यंत्र त्याचंही आहे, हे मी नेहमी लक्षात ठेवते.

माझ्या आधी बसलेल्याच्या खुणा मात्र मला लागतात. सामायिक संगणकापुढे अंध माणसाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो शांततेचं कारण शोधण्यात. पेनड्राइव्ह लावला, कळा दाबल्या, आवाज नाही. का? कुणी आवाज म्यूट करून गेलं असेल. आवाज हेडफोनऐवजी मॉनिटरकडे वळवलेला असेल. पुढच्या बाजूचं हेडफोनचं भोक आतून जोडलेलंच नसेल; हे फार ठिकाणी असतं, आणि मागच्या भोकापर्यंत हात पोचण्यासाठी टेबलाखाली वाकावं लागतं. नमलॉक चालू राहिला असेल, त्यामुळे उजवीकडच्या आकड्यांच्या कळा मला ओळी वाचून दाखवायच्या सोडून आकडे टाकत असतील. कीबोर्डवर इन्सर्टची कळच निघालेली असेल. किंवा संगणक अजून लॉगिनच्याच पडद्यावर उभा असेल. डोळस माणूस पडद्याच्या कोपऱ्यात एक नजर टाकतो आणि त्याला कळतं. मला आवाजाच्या अभावातूनच आवाज का नाही हे ओळखायचं असतं, आणि सगळ्या कारणांची शांतता सारखीच असते. एकेक कारण बाद करत जायला मी शिकले. पण पहिल्या वर्षाची मुलगी, जिनं शाळेत एकाच ओळखीच्या संगणकावर काम केलंय, ती दोनदा प्रयत्न करते आणि उठून जाते. ती उठून जाते तेव्हा कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तक्रार करायला तिला काय बिघडलं हे तर ठाऊक हवं.

पेनड्राइव्हवरच्या एनव्हीडीएची एक मर्यादा आहे. विंडोज जेव्हा “हा प्रोग्रॅम चालू द्यायचा का?” असं ॲडमिनच्या परवानगीसाठी विचारतं, तेव्हा ती सुरक्षित चौकट त्याला वाचता येत नाही. संगणकावर रीतसर बसवलेलं एनव्हीडीए ती वाचू शकतं. म्हणजे परवानगीचा प्रश्न आला की मी गप्प पडलेल्या यंत्रापुढे बसून राहणार. शिवाय व्हायरसच्या भीतीनं पुष्कळ लॅबमध्ये आता पेनड्राइव्हच बंद केले आहेत. ती भीती खोटी नाही. पण त्या एका निर्णयानं ग्रंथालयातून किती वाचक बाहेर गेले याचा विचार तो घेणाऱ्यांनी केला असेल असं मला वाटत नाही.

आवाज स्पीकरवर काढायची वेळ येते तेव्हा तर एकांत पूर्णच जातो. हेडफोन चालत नाही, अर्जाची शेवटची तारीख आजच आहे, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जातलं वडिलांचं उत्पन्न, अपंगत्वाची टक्केवारी, बँकेचा खाते क्रमांक सगळा हॉल ऐकतो. पासवर्डच्या जागी यंत्र नुसतं “स्टार, स्टार” म्हणतं, तेवढीच अब्रू राहते. माझ्या एका विद्यार्थिनीनं अशा वेळी अर्ज अर्धवट सोडला. मला तिचं पटलं.

मराठीचं दुखणं वेगळं आहे. जुन्या मराठी फॉन्टांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांना देवनागरीचा आकार दिलेला असतो. डोळ्यांना सुंदर मराठी दिसतं. स्क्रीन रीडर पोटात बघतो, आणि कंस, टक्का, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं अशी सरमिसळ वाचत सुटतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी परिपत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका, मोठ्या कष्टानं टंकलेल्या टिपणांच्या फायली अजून जुन्या फॉन्टांत येतात. घरच्या लॅपटॉपवर मी फॉन्ट बदलून घेते. सामायिक यंत्रावर ती सोय नसते. आणि जुनी साधनं तर चित्रंच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, असे खंड आज स्कॅन होऊन कुणालाही मिळतात, पण पानांचे फोटो म्हणून. फोटोमागे अक्षरांची नोंद नाही, म्हणून स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान रिकामं. जी पत्रं मी विद्यार्थ्यांना शिकवते ती माझ्या कानांपर्यंत यायला अजूनही आधी कुणीतरी ती टंकून द्यावी लागतात.

या सगळ्यावर संस्थांना सुचणारा उपाय म्हणजे वेगळा कक्ष. चांगल्या मनानं सुचवलेला असतो. एक खोली, दारावर पाटी, आत एक संगणक, त्यावर रीतसर घेतलेला परवाना. मी अशा खोल्यांत बसले आहे. चावी एका लिपिकाकडे असते, ते जेवायला गेले की थांबायचं, रजेवर गेले की परत जायचं. तिथे स्कॅनर असतो, ब्रेलचं छपाईयंत्र असतं, काही ठिकाणी शिकवणारं जाणतं माणूस असतं, आणि ते असायलाच हवं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे. नीट चालवलं तर असं केंद्र किती काम करू शकतं ते तिथे गेलेल्याला कळतं. पण केंद्र आहे म्हणून बाकीच्या सगळ्या संगणकांना मुकं राहायची मुभा मिळत नाही. मला मोठ्या हॉलमध्ये बसायचं आहे. तिथे मागच्या ओळीत कुणीतरी प्रबंधाच्या मार्गदर्शकाबद्दल कुजबुजतं, कुणी “ताई, चहाला येता का?” विचारतं, कुणाला एखादा संदर्भ सापडत नसतो आणि तो मला माहीत असतो. विद्यापीठ म्हणून जे काही मी ऐकत आले ते याच हॉलमध्ये. वाचनाचा एकांत आणि माणसांतून बाजूला काढलं जाणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली मला हवी आहे, दुसरी नको.

खरं तर प्रत्येक विंडोज संगणकाला बोलता येतंच. नॅरेटर नावाचा वाचक विंडोज २००० पासून त्यात आहे. आताच्या विंडोजवर कंट्रोल, विंडोज आणि एन्टर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो सुरू होतो, लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. दिवसभर संशोधनासाठी मी तो वापरत नाही, माझे हात एनव्हीडीएला सरावलेत. पण शांततेचं कारण शोधायला त्याचा फार आधार होतो. या तीन कळा लॅबमधल्या फार थोड्या लोकांना माहीत आहेत. सांगितल्या की ते मनापासून चकित होतात.

लॅबमधल्या लोकांबद्दल माझ्या मनात कटुता नाही. एका ग्रंथालयातले शिपाईमामा मी दारात दिसले की स्वतः टेबलाखाली शिरून हेडफोन मागच्या बाजूला जोडून ठेवायचे. मला काही बोलावं लागत नसे. मामांची बदली झाली. नव्या माणसाला मी पुन्हा सगळं समजावलं, त्यानंही आनंदानं केलं, मग तोही गेला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवतो, आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असंही सांगतो. पण सुगम्यतेचे नियम शिफारशीसारखेच वापरले जात होते. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं हेच धरलं आणि पाळणं सक्तीचं असलेली किमान मानकं ठरवा असं केंद्र सरकारला सांगितलं. त्या निकालाची बातमी ऐकताना मला मामा आठवले. त्यांचा चांगुलपणा मला कायम हवाच आहे, पण माझं वाचन त्यांच्या बदलीच्या आदेशावर अवलंबून नसावं.

यंदा ग्रंथालयात नवे संगणक यायचे आहेत, आणि संगणक विभागाच्या सरांनी मला बोलावून विचारलं, काय काय करायला हवं. मी म्हटलं, सगळ्या यंत्रांवर चढवायची जी एक मूळ प्रत तुम्ही तयार करता, जिला तुम्ही इमेज म्हणता, तिच्यातच एनव्हीडीए बसवा. एकदाच बसवायचं. मग ते प्रत्येक यंत्रावर आपोआप जाईल, पेनड्राइव्ह बंद असले तरी चालेल, परवानगीची चौकटही वाचता येईल. आणि रोज यंत्र कोरं करणारी तुमची व्यवस्था ते पुसणार नाही. उलट कुणी ते काढून टाकलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवेल. सरांना शंका होती, “म्हणजे मॅडम, सगळी मशीन्स बोलत बसणार?” नाही, मी म्हटलं. लॉगिनच्या पडद्यावर आपोआप सुरू व्हायची सोय बसवतानाच बंद ठेवा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबल्याशिवाय ते तोंड उघडणार नाही. ज्याला हवं त्यानं बोलवायचं. त्यांनी कळांची नावं लिहून घेतली, पुढचं हेडफोनचं भोक तपासून घ्यायचं हेही लिहिलं, आणि म्हणाले, सत्र सुरू व्हायच्या आधी एकदा या, आम्ही एक मशीन तयार ठेवतो, बसून बघा. मी जाणार आहे. पण तयार ठेवलेल्या यंत्रावर बसणार नाही. हॉलमधलं कुठलंही एक मी निवडीन.